दुसरा अमासा टिलसन

१८ फेब्रुवारी १८३९ रोजी वॉशिंग्टनहून उत्तर आलं की झेरवाया टिलसन यांना वर्षाला तीस डॉलर मिळणार नाहीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या लढाईत गावकऱ्यांच्या फौजेत, मिलिशियात, लढलेल्या ज्या अमासा टिलसनची विधवा म्हणून त्या पेन्शन मागत होत्या, तो अमासा त्याच्या जन्मगावच्या दप्तराप्रमाणे वयाच्या चौथ्या वर्षीच वारला होता.

त्यांच्या मुलीने, केटुराने, हे चर्चचे कारभारी डीकन बॅस्कम यांच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. ती त्यांच्याकडे कामाला होती. वय चव्वेचाळीस, लग्न झालेलं नाही, झोपायला डीकनच्याच माळ्यावर एक खाट. आई शहात्तर वर्षांची. तिची भाड्याची खोली मालकाने परत मागितली होती. चार मार्चला गावसभा होती आणि सभा संपली की खानावळीत गावच्या निराधारांची बोली लागायची. सांभाळायला जो गावाकडून सर्वांत कमी पैसे मागेल, त्याच्या घरी ते माणूस वर्षभर राहायचं.

सर्वांत कमी पैसे दरवर्षी ओबेड क्रेन मागायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडची म्हातारी वारली, तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायला केटुरा गेली होती. म्हातारीच्या पायांची बोटं थंडीने काळी पडली होती. पायात मोजे नव्हते.

पेन्शनची चूक केटुराचीच होती. वडिलांना स्वतःचं वय नक्की ठाऊक नव्हतं. त्यांच्या जन्मगावी दप्तरात 'अमासा, जोथम टिलसन यांचा मुलगा, जन्म १७५५' अशी नोंद सापडली, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने पुढचं पान उलटलंच नाही. तीच तारीख तिने शपथेवर लिहून दिली. मृत्यूची नोंद असलेलं ते पुढचं पान वॉशिंग्टनच्या लोकांनी मागवून घेतलं.

संध्याकाळी ती आईकडे गेली.

"आई, बाबा म्हणे चार वर्षांचे असतानाच वारले."

"मग मी चाळीस वर्षं कोणाचे सदरे धूत होते?"

"हसू नकोस गं. मी शपथ घेतलीय. आता खोटारडी ठरेन, आणि तुला तो ओबेड घेऊन जाईल."

आईने शेगडीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "तू तरी कुठे पहिली आहेस? पहिली केटुरा वर टेकडीवर आहे."

केटुराला ते लहानपणापासून माहीत होतं. दर वसंतात तिच्या कबरीच्या दगडावरचं शेवाळ ती स्वतःच्या हाताने खरवडायची, स्वतःच्याच नावावरून. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचं, म्हणजे नाव घरात राहतं, ही तिथली रीत. घरोघरी असे दुसरे होते. तरीही बाबाही दुसरे असतील, हे तिला सुचलं नव्हतं.

पण दुसऱ्या अमासाची नोंद कुठेच नव्हती. पहिला गेल्यावर टिलसन कुटुंब वर डोंगरात नव्या वस्तीला गेलं. तिथे तेव्हा ना चर्च होतं, ना कारकून. तो जन्म पाहिलेलं एकच माणूस आता जिवंत होतं, वडिलांची बहीण मेहिटेबल. वय अठ्ठ्याऐंशी.

केटुराने आत्याकडे जायला सुटी मागितली. "जा," डीकन म्हणाले. "पण गैरहजेरीचा पगार कापीन."

बर्फावरच्या घसरगाडीने जायला अख्खा दिवस लागला. आत्या नातवाच्या घरी चुलीजवळ शाल गुंडाळून बसली होती. जबानी लिहून घ्यायला केटुराने तिथल्या न्यायाधीशाला बोलावून आणलं. त्याने बायबलवर हात ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या भावाबद्दल, अमासाबद्दल, काय ठाऊक आहे?"

"मेला तो. घसा सुजून. मी त्याचा हात धरून बसले होते."

न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवली. आत्याच्या तोंडी शब्द घालायची केटुराला मनाई होती.

"मग?" ती एवढंच म्हणाली. "मग काय झालं, आत्या?"

"मग काय होणार? पुढच्या वर्षी आईला दुसरा झाला."

"त्याचं नाव?" न्यायाधीशाने विचारलं.

"अमासाच की. आईच्या जिभेवर तेच बसलं होतं."

"लढाईला कोण गेला?"

"मेलेलं पोर जाईल का लढाईला? शिकलेले ना तुम्ही?" आत्या चिडली. "दुसरा गेला. सतराचा होता. मीच त्याचे मोजे विणले. परत आला आणि त्या झेरवायाशी लग्न केलं. मला नव्हती पसंत. बोलते फार."

न्यायाधीशाने सगळं लिहून घेतलं, शेवटचं वाक्य सोडून. आत्याने खाली सहीऐवजी फुली काढली.

कागद टपालात पडला, पण उत्तर यायला महिना तरी लागणार होता आणि गावसभा तोंडावर आली होती. केटुरा गावच्या पंचांकडे गेली. आईची बोली महिनाभर थांबवा म्हणाली.

"पैसे आले की ये," पंच म्हणाले. "तोवर तिला जेवू कोण घालणार?"

चार तारखेला सकाळी तिने डीकनना विचारलं, आई इथे राहील का? ते नाही म्हणाले.

खानावळीत आई चांगली टोपी घालून बाकावर बसली होती. बोली आठवड्याला एक डॉलरपासून सुरू झाली आणि पाऊणवर आली.

"खाते किती ही?" ओबेड क्रेनने विचारलं.

"दात कुठायत तिला!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"मग पन्नास सेंट."

"चाळीस," केटुरा म्हणाली.

हसणं थांबलं. ओबेडने वळून तिच्याकडे पाहिलं. "पस्तीस."

"मला काही नको. गावाने काहीच देऊ नये."

बोली पुकारणारा पंच म्हणाला, "केटुरा, तुला स्वतःला घर नाही. हिला ठेवणार कुठे?"

ती डीकनकडे पाहत राहिली. मग हळूहळू सगळेच डीकनकडे पाहू लागले. त्यांच्याच चर्चमधली माणसं होती ती. डीकन खाकरले.

"चुलीमागे एक खोली आहे," ते म्हणाले. "पण दोघींचं खाणं मला परवडायचं नाही. केटुराला वर्षभर पगार मिळणार नाही."

"कबूल."

"शून्याच्या खाली मला नाही जाता येत बुवा," ओबेड म्हणाला आणि दाराकडे वळला.

बाहेर बर्फ चिखलासारखा झाला होता. आईने केटुराचा दंड घट्ट धरला.

"कितीला घेतलंस गं मला?"

"फुकट."

"एवढीसुद्धा किंमत आली नाही?"

केटुराला हसायचं होतं, पण जमलं नाही. पुढच्या वर्षी परत चार मार्च येणार होता, आणि तोवर तिच्या हातात पगाराचा एक सेंटही पडणार नव्हता.

एप्रिल संपला तरी वॉशिंग्टनहून उत्तर आलं नाही. आईची खाट आणि पेटी डीकनच्या घरी आणून टाकणाऱ्या गाडीवाल्याचे बारा सेंट द्यायचे राहिले होते.