अठरा जोडप्यांचा आचारी

हॉटेलातल्या इस्त्रीवर सुका बोंबील भाजता येतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझं मीच शोधून काढलं. इस्त्री उलटी करून बर्फात घालायच्या दोन बुटांच्या मध्ये टेकवायची, तिचा काटा सुती कपड्यांवर आणायचा आणि वर बोंबील आडवा ठेवायचा. दोन मिनिटांत तो मस्त कुरकुरीत होतो. तिसऱ्या मिनिटाला छतावरचा एक पांढरा डबा ओरडायला लागतो, आणि चौथ्या मिनिटाला हॉटेलातली यच्चयावत माणसं बाहेर बर्फात उभी असतात.

हे घडलं आल्प्सच्या एका खोऱ्यात, जानेवारीत, संध्याकाळी पाच वाजता. उणे अकरा तापमान. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हा दोघांना अंधेरीच्या एका टूर कंपनीबरोबर ‘जोडी विंटर स्पेशल’ला पाठवलं होतं. माहितीपत्रकावर लिहिलं होतं, ‘फक्त तुम्ही दोघं आणि बर्फ’. प्रत्यक्षात आम्ही दोघं, बर्फ, आणखी सतरा जोडपी, परेश नावाचा टूर मॅनेजर आणि राजाराम होतो.

राजाराम म्हणजे राजाराम घाडी, आमचा आचारी. मराठी माणूस आल्प्समध्ये जातो तो बर्फ बघायला, पण दुपारी एक वाजता त्याला वरणभात लागतो. त्यामुळे या कंपन्या आपला आचारी बरोबर नेतात. त्याच्या सामानात दोन मोठे कुकर, थालीपिठाची भाजणी, आमसुलं आणि एक विळी असते. हॉटेलच्या मागच्या बाजूला एक शेड होती, तिथे स्वयंपाक करायची परवानगी हॉटेलच्या मालकीणबाईंनी मोठ्या नाखुशीने दिलेली. अट एकच, वास पुढे येता कामा नये.

तर आम्ही सगळे बर्फात. बोरिवलीची एक नवी जोडी शिफॉनची साडी आणि ब्लेझर अशा वेषात फोटो काढत होती, ती तशीच कुडकुडत आली. मुलुंडचे एक गृहस्थ अंघोळीतून उठून टॉवेलवर आले होते. माझी बायको निशा चार बायकांबरोबर खाली गरम चॉकलेट पीत बसली होती, ती कप हातात घेऊनच आली. सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, हातातला डाव पुसत राजाराम आला.

मालकीणबाईंनी हवा हुंगली. मग सरळ राजारामसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या भाषेतलं आम्हाला एक अक्षर कळलं नाही, पण सगळं समजलं.

“काय जाळलंस रे?” परेशने विचारलं.

राजारामने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी पळताना बोंबील खिशात कोंबला होता. त्याची शेपटी बाहेर होती.

“चुकला,” राजाराम म्हणाला. “परत नाय होणार.”

या ठिकाणी मी पुढे व्हायला हवं होतं. मी दोन पावलं मागे झालो आणि शेपटी आत सारली.

शेडला कुलूप लागलं. पुढचे दोन दिवस अठरा जोडप्यांनी पाव, चीज आणि उकडलेले बटाटे खाल्ले. प्रेमाची खरी परीक्षा तेव्हा होते. दुसऱ्या दिवशी बोरिवलीची जोडी दोन वेगळ्या टेबलांवर बसली आणि मुलुंडच्या बाईंनी नवऱ्याला सगळ्यांदेखत सांगितलं, “तुझ्या आईचं ऐकून माथेरानला गेलो असतो तर बरं झालं असतं!” परतीच्या विमानात बसायच्या आत कंपनीकडे सतरा तक्रारी गेल्या. सगळ्या राजारामच्या नावाने. अठरावी गेली नाही, कारण अठराव्या माणसाला लाज होती. थोडी.

निशाला मुंबईत कपडे धुवायला काढताना कळलं. तिने माझा कोट नाकाशी धरला आणि इतकंच म्हणाली, “हा मनोरीच्या सखुबाईंकडचा बोंबील आहे.” आमच्याकडे मासळीचा पुरावा कोर्टाच्या वर चालतो. मी सगळं कबूल केलं.

“आणि तो माणूस गप्प बसला?”

“हो.”

“आणि तुम्हीही?”

“हो.”

“उद्याच्या उद्या त्यांच्या घरी जायचं,” ती म्हणाली. “मिठाई घेऊन. आणि ती तुम्ही वाटेत खायची नाही.”

राजाराम दिंडोशीला राहतो. कॉलनीतली चौथ्या मजल्यावरची खोली, दारात तुळस, आत शिलाई मशीन. वडील देवगडकडचे, लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर राजारामने शाळा सोडली आणि गोरेगावच्या एका कँटीनमध्ये भांडी घासायला लागला. तिथून भाजी चिरणं, मग फोडण्या, मग लग्नाच्या पंगती, आणि गेली अकरा वर्षं ही टूर कंपनी. मीठ तो चाखून बघत नाही, वासावर सांगतो. स्वतः शिजवलेलं खात नाही. सगळ्यांचं आटपलं की उभ्या उभ्या पाव आणि लोणचं खातो. लग्नसंस्थेबद्दल त्याचा अभ्यास दांडगा आहे. सहलीत एकदा तो मला म्हणाला होता, “नवी जोडी पयल्या दिवशी एका ताटात जेवता. तिसऱ्या दिवशी ती म्हणता, ह्यांका नको, ह्यांका पित्त होता. पित्त कळला की समजायचा, संसार लागलो.” दहा वाक्यं जमवायला त्याला एक सहल लागते. ही तीन तो एका दमात बोलला म्हणून लक्षात राहिली.

दार त्याच्या बायकोने उघडलं. मालनवहिनी. साड्यांना फॉल-बिडिंग करतात. टूरवरचे पाहुणे म्हटल्यावर त्यांनी लगेच चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत सगळं सांगूनही टाकलं.

“यंदा मलापण नेणार होते. अकरा वर्षं झाली ना यांना, म्हणून साहेबांनी कबूल केलेलं. फेब्रुवारीच्या बॅचला. माझा व्हिसापण आला. हे बघा.” त्यांनी कपाटातून एक जांभळा कोट काढला. त्याला आतून स्वतः अस्तर लावलेलं होतं. खाली फरचे बूट, अजून कागदात. “रोज गादीवर चालून बघायची मी हे घालून. बर्फात पाय रुततो म्हणे.”

“मग?”

“मग काय, वाट लागली! कोणीतरी तिकडे खोलीत मासळी भाजली. यांच्या नावावर आलं. फेब्रुवारीला दुसरा आचारी जाणार. हे नाही म्हटल्यावर मी कसली जातेय!” त्यांनी चहा गाळला. “असा कसा माणूस असेल हो? एवढ्या लांब जाऊन बोंबील भाजतो. घरी कोणी घालत नसेल मेल्याला.”

निशाने माझ्याकडे बघितलंही नाही. त्यातच सगळं आलं.

“वहिनी,” मी म्हणालो, “तो मेला मी.”

शिलाई मशीनपाशी बसलेला राजाराम सुईत दोरा ओवत होता, तो ओवत राहिला. मालनवहिनींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“तुम्ही? दिसता तर बरे की!”

चहा त्यांनी दिला, पण बिस्किटांची बशी आत नेली.

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात गेलो. मालक शरच्चंद्र साहेब सत्तरीचे, शांत. भिंतीवर सगळीकडे हसणारी जोडपी. त्यांच्यासमोर बसून मी इस्त्रीपासून शेपटीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

“बोंबील कुठला?”

“मनोरीचा.”

“मग वास येणारच.” त्यांनी चष्मा काढला. “माझ्याकडे सतरा तक्रारी आहेत. तुम्ही मला कानात येऊन सांगितलंत, म्हणून त्या सतरा थोड्याच जातात? ही माणसं पुढच्या वर्षी आपल्या भावाला, मेव्हणीला पाठवणार असतात. ती विचारणार, तोच आचारी का?”

“मग मी काय करू?”

“तुमच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना?”

आहे. तिथे अजून रोज सकाळी बर्फाचे फोटो येतात. मी घरी जाऊन लिहितो म्हणालो. ते म्हणाले, “खुर्ची चांगली आहे, इथेच लिहा.”

नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत मी बँकेत पुष्कळ खुलासे लिहिले, पण सगळे दुसऱ्यांच्या चुकांचे. हा पहिला स्वतःचा. तीन वेळा खोडला. पहिल्यात मी ‘तांत्रिक बिघाड’ असा शब्द घातला होता. साहेबांनी खांद्यावरून वाचून मान हलवली. शेवटी लिहिलं : ‘त्या दिवशी खोली नंबर चौदामध्ये इस्त्रीवर सुका बोंबील मी भाजला. राजारामभाऊंचा काही संबंध नाही. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुमचे दोन दिवसांचे बटाटे माझ्यामुळे.’

पाठवलं. छत्तीस माणसांचा ग्रुप. आधी बोरिवलीच्या मुलीने लिहिलं, ‘अंकल तुम्ही???’ मग हसण्याच्या चेहऱ्यांची रांग. कोणीतरी विचारलं, निदान चांगला भाजला गेला होता का? एका बाईंनी मला कर्माचा सिद्धांत पाठवला, तीन भागांत. मुलुंडच्या टॉवेलवाल्या गृहस्थांनी फक्त ‘ओके’ लिहिलं. इतकी थंडी मला त्या खोऱ्यातही वाजली नव्हती. पण त्यांच्याच बायकोने खाली लिहिलं, ‘राजारामभाऊंना सॉरी सांगा. तक्रार नवऱ्याची होती, माझी नाही. त्यांची आमटी झकास होती.’ त्यावर एकेक जण तक्रार मागे घेत गेला. संध्याकाळपर्यंत सोळा झाल्या. सतरावे मुलुंडचे. त्यांनी ग्रुप सोडला.

शरच्चंद्र साहेबांनी परेशला आत बोलावलं. “फेब्रुवारीला राजारामच. त्याच्या बायकोचं तिकीट अजून आहे?”

“परवापर्यंत होल्डवर आहे, सर.”

“कर पक्कं.”

मी राजारामला फोन करून सांगितलं. पलीकडून म्हणाला, “बरा.” आणि फोन ठेवला.

त्या दोघांना निरोप द्यायला मी विमानतळावर गेलो नाही, निशाने जाऊ दिलं नाही. “तुम्ही गेलात की काहीतरी वाजायला लागतं,” म्हणाली. मार्चमध्ये मात्र मालनवहिनींचाच फोन आला, या म्हणून. गेलो. या वेळी बिस्किटं आली, सोबत चॉकलेटही आलं.

त्यांच्या फोनमध्ये चारशे फोटो होते आणि आम्ही ते चारशेही बघितले. वहिनी घसरगाडीवर. वहिनी लाकडी घरासमोर. वहिनी एका गायीबरोबर, दोघीही गंभीर. मग केबल कारमधून वर गेल्यावरचे. सगळीकडे पांढरंशुभ्र, वर कडक निळं आकाश, आणि मध्ये जांभळा कोट. हात पसरलेले. चेहरा असा, की निशाने फोन हातात घेऊन तो मोठा करून बघितला आणि थोडा वेळ परत केला नाही.

“खरंच रुततो हो पाय,” वहिनी म्हणाल्या. “गुडघ्यापर्यंत गेला. दोघा जणांनी ओढून काढला. मी तर रडलेच.”

“घाबरून?”

“नाही हो. असंच.”

मी पुढे पुढे सरकवत होतो. डोंगरावरच्या कुठल्याच फोटोत राजाराम दिसेना.

“हे सगळे राजारामभाऊंनी काढले वाटतं?”

“हे?” वहिनी हसायला लागल्या. “हे तर खाली स्वयंपाकात होते! परेशने काढले. अहो, मला तिकडे गेल्यावर कळलं, हे अकरा वर्षांत एकदाही वर गेलेले नाहीत. माणसं वर जातात ती जेवायला खाली येतात ना, तेव्हा यांचा भात चुलीवर. आणि मला दरवर्षी येऊन सांगायचे, वर असं दिसतं, वर तसं दिसतं. सगळं पंगतीत ऐकलेलं! मी म्हटलं, आता तरी चला, मी आलेय. तर म्हणे, डाळ शिजत नाय हय लवकर, तू जा.”

राजाराम खिडकीपाशी बसून मशीनला तेल घालत होता. माझ्यातला, जोडी स्पेशलला जाऊन आलेला मनुष्य उसळून आला. इतकी खटपट, तो ग्रुपवरचा जाहीर कबुलीजबाब, आणि याने डाळीसाठी संधी घालवली.

“अहो राजारामभाऊ,” मी म्हणालो, “जोडीची सहल ती! एकदा तरी दोघांनी मिळून वर जायचं. मग तुम्हाला काय मिळालं त्यातून?”

त्याने तेलाची बुधली खाली ठेवली, चाक एकदा फिरवून बघितलं.

“ती जाऊन इली ना.”