तेजरामचा हात

तेजरामच्या हातात काहीही दिलं, की तो आधी ते तळहातावर घेऊन दोनदा हलकेच वरखाली करायचा आणि मगच बोलायचा. लग्नाची पत्रिका, औषधाची बाटली, प्रसादाचा द्रोण, काहीही. एकदा मी त्याला दिवाळीची पुरवणी वाचायला दिली, तर म्हणाला, "यंदा हलकी निघाली जी." निहार, तू तान्हा असताना तुझी आई तुला घेऊन देवरीला आली होती. तेजरामने तुलाही असंच दोन्ही तळहातांवर घेतलं आणि वजन सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर तेच निघालं. तरी तुझी आई जरा रागावलीच, कारण त्याने पुढे "ओला माल हाये, पण चांगला हाये" असंही म्हटलं होतं.

तू आणि तुझी बहीण इरा दर वेळी फोनवर विचारता, तेजरामकाकांचं मशीन कसं चाललंय. फोनवर आवाज तुटतो आणि सांगायचं राहून जातं. म्हणून तुमची आजी आता क्रमाने लिहिते.

आमच्या भिंतीला लागून त्याचं घर, पुढच्या खोलीत दुकान. चिचगडकडच्या गावांतून बायका टोपल्यांत, पोत्यांत मोहफुलं घेऊन यायच्या आणि तो ती विकत घ्यायचा. वजन वाढावं म्हणून कोणी फुलं ओली करून आणी, कोणी पोत्याच्या पोटात गोटा घाली. तेजराम पोतं नुसतं उचलून बघायचा आणि हसायचा. "काऊन वो माय, गोटा घरीच ठेवला असता तं वझं तरी कमी झालं असतं." बाई लाजून गोटा काढायची, आणि तो उरलेल्याचा भाव नीट द्यायचा. "डोळ्याले फसवता येते, बाई," तो मला सांगे, "हाताले नाई."

पुढे मोठ्या व्यापाऱ्यांच्या गाड्या हायवे सोडून थेट त्या गावांतच जाऊ लागल्या. दुकानात टोपल्या येणं थांबलं. त्याची बायको कौसल्या, तिचा भाऊ नागपूरला असतो. त्याने तिथल्या एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. तेजराम ऐकायला तयार नव्हता. "अठी मले लहान पोट्टंही नावानं ओळखते. तठी मी कोन? फाटक." देवरी सोडायची नाही, एवढंच त्याला हवं होतं. बाकी त्याची कसली मागणी नव्हती.

अशातच सडक अर्जुनीच्या ढाब्यावर कोणा ट्रकमालकाने त्याला सांगितलं, की एक मशीन असतं, ते दिवसभर गणितं करतं आणि त्याबद्दल बिटकॉइन मिळतं. दुकानातला मोठा काटा आणि मागची शेड विकून तेजरामने जुनं मशीन आणलं. कौसल्या मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मोहफूल बुडालं तं वाळवून खाता तरी येत होतं. हे काय खाचाल?" त्यात ते आलं पॉवर सप्लायविना, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याविना. विकणाऱ्याने तो काढून ठेवला होता. "बंडी आली, बैल रायले," तेजराम म्हणाला.

त्या बैलासाठीच मी तुला व्हिडिओ कॉल लावून दिला होता, निहार. तू किती समजावून सांगितलंस. मशीनला लागते त्यापेक्षा जास्त ताकदीचा घ्या. डब्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कंपनी बघा, गॅरंटी बघा. आपल्याकडे वीज खालीवर होते, ती सोसणारा हवा. स्वस्तातला बिघडला तर एकटा जात नाही, मशीनलाही घेऊन जातो. तेजराम प्रत्येक वाक्याला "हो जी, हो जी" म्हणत होता, तुला, नातवाच्या वयाच्या मुलाला.

गोंदियाला मला डोळे दाखवायला जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबरच गेलो. बाजारातल्या एका दुकानदाराने दोन पॉवर सप्लाय काउंटरवर ठेवले, एक नामांकित कंपनीचा आणि एक बिननावाचा. नामांकित घेतला असता तर तेजरामजवळ काही उरलं नसतं, पण पैसे पुरले असते. त्याने एक उजव्या हातात घेतला, एक डाव्या हातात, आणि डोळे मिटले. मी त्याला तुझ्या बोलण्याची आठवण करून दिली.

"पोट्टा बराबर सांगते, बाई," तो डोळे न उघडता म्हणाला. "पण त्यानं हातात धरून थोडीच पायला. नकली माल हलका असते. हा पहा, स्वस्त हाये आन् भारी हाये."

"चाचा को पहचान है," दुकानदार म्हणाला आणि बिननावाचा बांधूही लागला.

वाचलेल्या पैशांतून तेजरामने जाड वायर घेतली आणि कौसल्येला चपला. बसमध्ये तो खोकं मांडीवर घेऊन बसला होता. मधूनच ते जरासं उचलून बघे.

मशीन सुरू झालं तेव्हा राइस मिल दारात आल्यासारखा आवाज झाला. मागून गरम वारा यायचा. कौसल्या त्यापुढे आधी वड्या वाळवू लागली, मग धुणं. "कोनत्या तरी कामाचं निघालं," ती म्हणायची. तेजराम मला मोबाइल आणून दाखवायचा. त्यावर एक बारीकसा आकडा कणाकणाने वाढत असे. तो मोबाइलही तळहातावर तोलून बघायचा आणि स्वतःशीच हसायचा. नागपूरला त्याने नाही म्हणून कळवून टाकलं.

उन्हाळा लागला. एका दुपारी आमचे पंखे एकदम जोरात फिरले, मग मंद झाले, मग पुन्हा जोरात. पलीकडचा आवाज थांबला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी गेले तेव्हा तेजराम मशीनसमोर उकिडवा बसला होता. भिंतीवर काळा डाग उठला होता. कौसल्येने दोरीवरचे कपडे काढून घेतले होते.

चौकातल्या मेकॅनिकने पॉवर सप्लाय खोलला. आत कामाचे भाग होते तेच थोडे, आणि तळाला सिमेंटचा एक ठोकळा चिकटवलेला. त्याला एकही वायर जोडलेली नव्हती. तो फक्त वजनाला होता.

तेजरामने ठोकळा उचलून तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला. वजन मात्र सांगितलं नाही. म्हणाला, "गोटा होय, बाई. पोत्यातला गोटा होय."

मशीनचे बोर्डही जळाले होते. ते नागपूरला दुरुस्तीला दाखवले, तर त्यांचं काही होणार नाही असं कळलं. तेजराम गोंदियाला दुकानदाराकडे गेला. तो म्हणाला, "चाचा, आपने ही तो उठाके पसंद किया था." तेजराम हे मला येऊन जसंच्या तसं सांगून गेला. मशीन भंगारवाल्याने नेलं. त्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर आकडा आला, तेव्हा मी तेजरामकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

वॉचमनची ती जागा एव्हाना भरली होती. कौसल्येच्या भावाने दुसरी शोधली, आणखी लांबची, रात्रपाळीची. तिथे दोघांना राहायला खोली नाही. कौसल्या इथेच राहिली आहे. ती माझ्याकडे येते, बसते.

निहार, तू सांगितलंस ते सगळं खरं होतं, त्याचं तू काही मनाला लावून घेऊ नकोस. त्याने ऐकलं नाही असंही नाही. ज्या हाताने त्याला जन्मभर खरं सांगितलं, त्याचं त्याने आणखी एकदा ऐकलं.

तो कामासाठी निघाला त्या सकाळी मी स्टँडवर गेले होते. त्याला आवडतात म्हणून तिळाचे लाडू केले होते, मोठा डबा भरून. बस लागलेली होती. मी डबा पुढे केला आणि सवयीने थांबले, आता हा काय म्हणतो म्हणून. तेजरामने डबा घेतला, थेट पिशवीत ठेवला आणि चेन ओढली.

"येतो जी, बाई," म्हणाला.