गॅलरीतल्या तबकड्या

माहेरच्या गॅलरीत उन्हाचे गोल कवडसे नाचत होते. वर पाहिलं, तर माझ्या आवडत्या रॉक आणि मेटल अल्बमच्या सीडी दोऱ्यांनी टांगलेल्या.

"दादा, हे काय?"

"अगं, रामबाण उपाय आहे. एक कबूतर फिरकत नाही आता."

"मग भजनांच्या सीडी का नाही टांगल्यास?"

"वेडी आहेस का? त्या कपाटात आहेत. तुझी ती नुसती आरडाओरड."

आरडाओरड! बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. भेटायला येणारा प्रत्येक जण 'देवाची इच्छा' म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. मला त्या देवाशी भांडायचं होतं, पण आमच्या घरात तशी सोय नव्हती. तेव्हा हेडफोन लावून मी काळ्या कव्हरचा तो अल्बम ऐकायचे. त्यातला गायक माझ्या वतीनं घसा फोडून भांडायचा. हळू आवाजात रडलं तर ते दुःख आणि ओरडून रडलं की गोंगाट, हे ठरवलं कुणी? शोकालासुद्धा सभ्यपणाची अट घालतात ही माणसं!

मी कात्री आणली, स्टुलावर चढले आणि एकेक दोरा कापू लागले. "येतील बघ कबुतरं," म्हणत दादा आत निघून गेला. वहिनी मात्र स्टूल धरायला आली. मी खाली दिलेली एक ओरखडलेली तबकडी ओढणीनं पुसत तिनं हळूच विचारलं,

"यातली सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी कुठली गं?"