वासूचा साठावा फॉर्म

प्रबंधाच्या चार प्रती निघतात आणि लायब्ररीत धूळ खातात. त्यामागचे किस्से मात्र चहाच्या टपरीवर दरवर्षी वाढत जातात! आमच्या भूगोल विभागाकडे तर पोतंभर आहेत. आणीबाणी उठल्यावर मी आणि माझा दोस्त वासू पवनी तालुक्यात तलाव आणि धानशेतीचा सर्व्हे करत फिरत होतो. पीएचडी वासूची, पायपीट दोघांची.

*

दर दहाव्या घरी फॉर्म भरायचा, हा आमच्या गाइड सरांचा नियम. आसगावात एका दहाव्या घरी म्हातारा एकटाच होता. घरात माणसं किती? "सात." बाकीची कुठं आहेत? "जेवाच्या टायमाले येतेत."

बाहेर शेजारीण म्हणाली, "ते सहाही हैजाच्या साथीत गेले जी. बुढा अजून सात ताटं मांडते."

आम्ही सरांना विचारलं. सर म्हणाले, "सांगणारा सांगेल तेच लिहायचं." प्रबंधात त्या घरी आजही सात माणसं आहेत.

*

एकदा एका सीनियरचा प्रबंध गावकऱ्यांना दाखवायला नेला. तलावाच्या फोटोत पाळीवर, म्हणजे बांधावर, एक माणूस बसलेला. एक बाई बराच वेळ बघत राहिली. "हे तं आमचे सासरे. पण तलावाचा हा गेट तं ते गेल्यावर बसवला."

सरांना सांगितलं, तर म्हणाले, "तळटीप टाका." मला मात्र त्या फोटोची अजून भीती वाटते.

*

वासूला साठ फॉर्म हवे होते, भरले एकोणसाठ. साठावा त्यानं पवनीच्या एसटी स्टँडवर बसून मनानंच भरला. गाव खरं, माणूस मनचा : सुखदेव, दोन एकर धान, दोन मुलगे. 'तलावात कुणी बुडालं का?' याला एकोणसाठ जणांनी 'नाही' म्हटलं होतं. फॉर्म खरा वाटावा म्हणून वासूनं लिहिलं, 'धाकटा मुलगा, बुडून मृत.'

सर चार-पाच फॉर्म घेऊन स्वतः पडताळणी करायचे. त्यात नेमका साठावा आला. खोटेपणा उघडा पडला तर वासूची पीएचडी संपली. तरी सरांच्या मागोमाग आम्ही दोघं त्या गावात पोचलो.

"इथं सुखदेव कोण?" सरांनी विचारलं.

एक माणूस उठला. "मीच. काहून जी?"

दोन एकर धान? "हव जी." वासूच्या जिवात जीव आला.

"मुलं?"

"दोन पोट्टे. मोठा वावरात गेला. लहाना म्हशी धुऊन राहिला तलावात."

सरांनी फॉर्म पुन्हा वाचला. मी वळून पाहिलं, तर वासू तलावाकडे पळत सुटला होता.