श्वास नसलेली क्लॅरिनेट

आबा, म्हणजे माझे वडील, मिलिटरीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निवृत्त होऊन उंब्रजला आले तरी सकाळचा रियाज त्यांनी कधी चुकवला नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. हात गेला त्याहून ओठ गेले याचं दुःख त्यांना जास्त होतं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी असलेली पत्ती ओठांत घट्ट धरावी लागते. त्यांच्या ओठांत चहासुद्धा राहत नव्हता.

मी सांगलीच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. संगणकात आधीपासूनच वाद्यांचे आवाज काढणारा एक सिंथेसायझर बसवलेला असतो. प्रोग्राममधून त्याला आकड्यांत हुकूम द्यायचे: कुठलं वाद्य, कुठला सूर, किती जोरात. सूर सुरू करायला एक हुकूम, थांबवायला दुसरा. वाद्यांच्या यादीत क्लॅरिनेट सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. आबांचा डावा हात शाबूत होता. मी कीबोर्डच्या आठ कळांवर आठ सूर बसवले आणि रविवारी लॅपटॉप घेऊन उंब्रजला गेले.

आधी मीच एक कवायतीची धून वाजवून दाखवली. आबा डोळे मिटून ऐकत होते. मग जड जिभेनं म्हणाले, "ह्यो दम कवा घेतोय गं?"

"कोण, आबा?"

"वाजवनारा."

 सांगलीला परतताना एसटीत तोच प्रश्न डोक्यात होता. पुढचे दोन महिने मी तो दम प्रोग्राममध्ये घालत बसले. सूर बारीक सुरू व्हावा, भरत जावा, ओसरावा. ओळ संपली की क्षणभर शांतता. एवढ्यासाठी दर सुराला कितीतरी बारीक हुकूम पाठवावे लागत. कॉलेजातल्या एका संगीताच्या जाणकाराला ऐकवलं. तो म्हणाला, "खरी वाटते हो." मी हुरळून गेले.

पुढच्याच रविवारी मी आबांना उशांना टेकवून बसवलं. डावा हात कळांवर ठेवला. त्यांनी एक सूर दाबला, दुसरा दाबला, आणि चक्क कवायतीच्या धुनेची पहिली ओळ वाजली. आई दारात उभी राहून रडायला लागली. मी मात्र आबांच्या तोंडाकडे बघत होते. सवयीनं त्यांचे ओठ पुढं येत होते, नसलेली पत्ती धरू पाहत होते. डावी बाजू आवळली जाई, उजवी लोंबत राही, आणि तिथून लाळ हनुवटीवर उतरत होती.

आईनं पदरानं ती पुसली. "आवं, ऱ्हाऊ द्या आता."

आबांनी कळेवरून बोट उचललं. सूर थांबला नाही. नेमकी त्याच क्षणी पडद्यावर कसलीशी सूचना उघडली होती, कीबोर्ड तिच्या ताब्यात गेला होता आणि बोट उचलल्याचं माझ्या प्रोग्रामला कळलंच नव्हतं. थांबण्याचा हुकूम न मिळालेला तो एकच सूर सरळ रेषेसारखा वाजत राहिला. मी गडबडून भलतीच बटणं दाबू लागले.

आबा स्वतःच्या बोटाकडे बघत होते. "म्या तर सोडलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मान्साला इतका दम नसतो. बंद कर."

मी लॅपटॉपच बंद केला. ते भिंतीकडे वळले आणि जेवलेही नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी ती चूक शोधली. दोन ओळींचं काम होतं. दुरुस्त केलंय असं सांगितलं, तर आबांनी नुसती मान हलवली. पावसाळ्यात दुसरा झटका आला आणि बोलणंही गेलं. आता मी जाते, त्यांचा हात हातात घेऊन बसते. कधी कधी त्यांचे ओठ पुढं येतात. त्यांना पाणी हवंय की धून आठवतेय, मला कळत नाही. मी आपली चमच्यानं पाणी घालते.