घारगे परत गेले

आमच्या ऑफिसात दुपारी टेबलं जोडून सगळे डबे उघडतात. सबनीस साहेब मात्र कोपऱ्यात एकटेच जेवतात. त्यांच्या तिरकस बोलण्याने एकेक माणूस दुरावलं. राहिल्या होत्या फक्त जोशीबाई. डब्याच्या झाकणात काहीबाही घालून त्या रोज त्यांच्यापुढे ठेवायच्या. काल घारगे होते.

"घरी खायला कुणी उरलं नाही, म्हणून आमच्या माथी का, बाई?" साहेब म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बाईंचे यजमान नुकतेच गेलेत. बाईंनी झाकण उचललं आणि त्या निघून गेल्या.

मी इथला शिपाई, तिथेच पाणी भरत होतो. घारगे पाहून साहेबांचा चेहरा क्षणभर खुललेला मी पाहिला होता. मग असं का बोलले? मी नववीत शाळा सोडून गावापासून इतक्या लांब आलो. इथे कुणी नुसतं "जेवलास का रे?" म्हटलं तरी मला भरून येतं, आणि लगेच धास्ती वाटते, उद्या विचारलंच नाही तर? काहींना ही धास्तीच सोसत नसेल. माया आटायची वाट बघण्यापेक्षा ते स्वतःच ती तोडून टाकत असतील.

आज साहेबांनी डबा उघडला, पण घास घेतला नाही.

"जोशीबाई रजेवर आहेत का रे?"

"नाही साहेब. खालच्या मजल्यावर जेवतायत."

"बरं झालं. कटकट गेली."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. साहेबांनी चटकन मान वर केली. दुसरंच कुणीतरी होतं.