धाकटीचा पगार

मी लॅब टेक्निशियन आहे आणि माझी धाकटी बहीण सरकारी नर्स. बारावीला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. हे आधीच सांगून टाकते, कारण आता ते कुणाच्याच लक्षात नाही. मी वर्षभराचा डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केला आणि लगेच कमवायला लागले. ती तीन वर्षं नर्सिंगच्या होस्टेलवर राहिली. तेव्हा दिवाळीला तिला ड्रेस मी घ्यायचे. आज ती लांब पेठ तालुक्यात आहे, मी इथे शहरात, सिडकोतल्या खासगी लॅबमध्ये, आणि तिचा पगार माझ्या तिप्पट. महागाई भत्ता वाढला की ती सांगत नाही. तिच्या त्या न सांगण्याचाही मला राग येतो.

यंदा माझ्या मुलीचा फॉर्म भरायचा होता. नर्सिंग किंवा लॅब, कुठेही प्रवेश मिळाला असता. मी लॅबचं रेटत होते. रात्रपाळी नाही, पेशंटच्या नातेवाइकांची आरडाओरड नाही, ही सांगायची कारणं. खरं कारण एवढंच की मुलगी नर्सिंगला गेली, तर मी चुकले हे घरातच ठरणार होतं.

त्याच आठवड्यात आईला ताप आला. रविवारी धाकटी आली. रक्त घ्यायचं होतं. आमच्याकडे सुई तिच्याच हातात देतात. नर्सला सगळं येतं अशी समजूत. तिने दोनदा टोचलं, शीर सापडेना.

"अगं, भरताचं वांगं आहे का मी?" आई म्हणाली.

मी पुढे झाले. दिवसभर मी दुसरं काय करते? आईला हात खाली सोडायला लावला, मनगटाच्या मागे बोट फिरवलं आणि पहिल्याच फटक्यात नळी भरली. ती मी मुलीच्या डोळ्यांसमोरून जरा सावकाशच नेली.

"ताई, तुझ्यासारखा हात नाही बाई माझा," धाकटी म्हणाली. मनापासून म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

मुलीने मावशीला विचारलं, "मग आईला पगार का कमी?"

"अगं, माझं सरकारी आहे म्हणून. खासगीत नर्सलाही एवढेच देतात."

"सरकारी लॅब नसते का, मावशी?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. सरकारी लॅबच्या भरतीची जाहिरात तिनेच मला आणून दिली होती, माझ्या लग्नाआधी. नेमणूक खेड्यात मिळेल म्हणून मी फॉर्मच भरला नव्हता. "पेठ-सुरगाण्याला कोण मरायला जाणार," असं तिला तोंडावर म्हणाले होते. पुढे ती तिथेच गेली.

"असते," मी म्हणाले. "मी अर्ज केला नाही."

मुलीने नर्सिंगचा फॉर्म भरला. मी सही केली. मावशीला फोन तिने स्वतःच लावला आणि आतल्या खोलीत जाऊन तासभर बोलत बसली. माझ्याशी एवढं कधी बोलत नाही.